मुठीचा डबा

डबा हलवला तर आतून आवाज आला. खुळखुळ.

भरलेला डबा वाजत नाही. पंधरा किलो तेलाचा पत्र्याचा डबा, वर पप्पांनी बसवलेलं बिजागरीचं झाकण, पुढच्या बाजूला निळ्या ऑइल पेंटनं लिहिलेलं ‘उजगरे कुटुंब’. उद्या हंगामाचा सण, म्हणजे उद्या हा डबा गच्च भरून चर्चसमोर जायला हवा. मी झाकण उघडून आत हात घातला. कोपरापर्यंत गेला. तळाशी चार बोटं धान्य आणि कडुनिंबाची वाळकी पानं.

तेवढ्यात खिडकीत शीबा उगवली. शीबा म्हणजे शेजारची, माझ्याच वर्गातली, सहावी ब.

“स्तुते, झाला का तुमचा डबा तयार? आमचं तर झाकणच बसत नाहीये. मम्मीनं वरून पाटा ठेवलाय.”

“झाला ना,” मी म्हणाले आणि डब्यावर चक्क बसले.

“बघू?”

“उद्या बघ. आधीच बघितलं तर काय मजा?”

शीबा गेली. मी तशीच बसून राहिले.

आता मी दहावीत आहे. चर्चमध्ये शास्त्रपाठ वाचायला माइक दिला तर परत घ्यायला दोन माणसं लागतात असं पप्पा म्हणतात. पण त्या शनिवारी मी अकरा वर्षांची होते, आणि आईला एक वाक्य सांगायची हिंमत होत नव्हती.

डब्याचं असं होतं. आमच्या मिशन कंपाउंडमधल्या प्रत्येक घरी असा एक डबा असतो. रोज सकाळी गॅस पेटवायच्या आधी त्या दिवशी जे शिजणार त्यातली एक मूठ डब्यात टाकायची. पीठ नाही टाकायचं, पिठाला कीड लागते. दाणा टाकायचा. भाकरी असेल तर बाजरी, नाहीतर ज्वारी. भात असेल तर तांदूळ. पाहुणे असतील, चपात्या असतील तर गहू. वर्षभर. मग नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, हंगामाच्या सणाला, सगळे डबे चर्चला जातात आणि ते धान्य मिशनच्या वसतिगृहातल्या मुलांना मिळतं.

आणि मूठ नुसती टाकायची नाही. मुठीवर दुसरा हात ठेवायचा, डोळे मिटायचे, एक नाव घ्यायचं. आज ही मूठ कोणाची ते देवाला सांगायचं आणि मग सोडायची. माझी आई हे फार छान करायची. ओट्यापाशी उभी, केस अजून ओले, गॅस बंद, घरात अगदी शांत. “आजची मूठ स्तुतीच्या पप्पांची, त्यांची पाठ धरलीय.” “आजची मूठ पोस्टमनच्या सुनेची, दिवस भरलेत तिचे.” मी मध्ये मध्ये लुडबुडायचे. एकदा म्हटलं, आज माझ्या गणिताच्या पेपरची टाक. आई डोळे न उघडता म्हणाली, “मूठ माणसाची असते. पेपरची नसते.”

“मग गणिताच्या बाईंची टाक.”

तिनं खरंच टाकली. ओठ हसत होते, पण टाकली.

मग मेस आली.

नाताळ झाला आणि जानेवारीत नर्सिंग कॉलेजच्या होस्टेलमधल्या स्वयंपाकीणबाई म्हातारपणामुळे काम सोडून गावी गेल्या. तिथल्या वॉर्डनबाई आमच्या चर्चच्या. त्या आईला म्हणाल्या, रत्ना, दुसरी बाई मिळेपर्यंत चार मुलींचे डबे देशील का? आईनं दिले. चारांचे नऊ झाले, उन्हाळ्याआधी पंधरा, दिवाळीपर्यंत सव्वीस. खरं सांगू, आईला इतकी खूश मी कधी पाहिली नव्हती. डब्यांवर मार्करनं खोल्यांचे नंबर घालताना ती गुणगुणायची. लोक रस्त्यात थांबवून म्हणायचे, काय चव आहे हो उजगरेबाई. मागच्या खोलीत पोत्यानं तांदूळ आला. मोठा कुकर आला. मलाही काम आलं: शाळेतून आल्यावर परतलेले डबे धुवायचे.

आणि एकेक गोष्ट गेली. कशी गेली ते कळलंही नाही. संध्याकाळच्या प्रार्थनेला पप्पा सुरुवात करायचे, आई बसायची, शिट्टी झाली की उठायची. मग बसायचीच नाही, आतूनच ‘आमेन’ म्हणायची. रविवारी ती दुसऱ्या गाण्याला चर्चला पोचायची, मग उपदेशाला, मग म्हणायला लागली, पुढच्या रविवारी नक्की. पप्पा एस.टी. वर्कशॉपमध्ये, कमी बोलणारे. एकदा ताटावर बसून म्हणाले, “आपल्या घरात आता नावं घेत नाहीत, नंबर घेतात.”

“म्हणजे काय?” आई आतून म्हणाली.

“काही नाही. आमटी वाढ.”

मूठ तर सगळ्यात आधी गेली. मेस सुरू झाली त्याच महिन्यात एका सकाळी आई म्हणाली, “स्तुते, मूठ आजपासून तुझ्याकडे. मला श्वास घ्यायला फुरसत नाही.”

मला काय आनंद झाला. आठ दिवस मी अगदी थाटात मूठ टाकली, मोठ्यानं नावं घेत, चर्चच्या पाळकसाहेबांपासून आमच्या मांजरीपर्यंत. मग शाळेत लेझीम पथक निघालं. मग विज्ञान प्रदर्शन. मग खो-खो. सकाळी दप्तर, वेणी, बूट, आणि मूठ? उद्या दोन टाकू. परवा तीन टाकू. आई संध्याकाळी विचारायची, “मूठ टाकलीस?” मी म्हणायचे, “हो.” मग तिनं विचारणंही सोडलं.

तर अशी मी, डब्यावर बसलेली. सांगून टाकावं म्हणून उठले आणि स्वयंपाकघराच्या दारात गेले. आई पाट्याएवढ्या परातीत कणीक मळत होती.

“आई.”

“बोल. पण कांदा चिरता चिरता बोल.”

मी कांदा घेतला. “आई, ते डबे...”

“धुवून झाले ना? मग पालथे घाल.”

“नाही, ते रूम चौदाचा... आणि आपला मुठीचा...”

“हो, बरी आठवण केलीस,” आई म्हणाली. हात थांबवला तिनं, म्हणजे खरंच थांबवला, कणकेत तसाच. “उद्या मी पहिल्या घंटेला चर्चमध्ये असणार. काय वाट्टेल ते होवो. सकाळचे डबे पहाटेच करून ठेवते. मला माझ्या लेकीचा डबा ओतताना बघायचाय. माझ्या हातून नाही झालं या वर्षी. पण तुझ्या हातून झालं ना, मला तेवढं पुरे.”

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. कांदा होताच, त्यामुळे कोणी काही विचारलं नाही.

त्यानंतर माझ्यापुढं एकच गोष्ट होती: तो डबा उद्या रिकामा जाता कामा नये. गेला तर सगळ्या मंडळीसमोर आईची मान खाली जाईल, आणि तिला कळेल की मी दहा महिने खोटं बोलले. आई कणीक झाकून पाणी भरायला बाहेर गेली तेव्हा मी मागच्या खोलीत शिरले. तांदळाचं पोतं उघडंच होतं. तांब्या घेतला. एक, दोन, तीन, मोजणं सोडलं. डबा भरला, आदळून दाबला, पुन्हा भरला. झाकण लावलं. हलवला.

वाजला नाही.

रात्री मला छान झोप लागली. ते आठवलं की अजून लाज वाटते.

*

हंगामाचा सण म्हणजे काय ते आमच्या कंपाउंडमध्ये येऊनच बघावं. आता तिथं पेव्हिंग ब्लॉक बसवलेत, पण तेव्हा चर्चपुढं नुसती मातीची मोकळी जागा होती, चिंचेखाली. पहाटेच कोणीतरी शेणसडा घालायचं. दारावर उसाची आणि केळीची झाडं बांधलेली, आत वेदीपुढं भोपळे, पेरू, कोंबडीची अंडी टोपलीत, एखादी खरीखुरी कोंबडीही, पाय बांधलेली, उपदेशात मधूनच ‘क्वाक’ करणारी. उपासना संपली की सगळे बाहेर. चिंचेखाली लांब पांढऱ्या चादरी अंथरलेल्या. दुसऱ्या टोकाला महिला मंडळाचं भेळेचं टेबल.

आणि इथंच माझी चूक झाली होती. डबे ओततात हे मला माहीत होतं. पण ओतताना काय होतं ते मी कधी पाहिलंच नव्हतं. दर वर्षी त्या वेळेला मी आणि शीबा भेळेच्या टेबलापाशी रांगेत पहिला नंबर लावून उभ्या असायचो. या वर्षी मात्र मी डब्याबरोबर होते. प्रत्येक घराचा डबा आणताना त्या घरात मूठ टाकणाऱ्यानं डब्याचा एक कान धरायचा अशी रीत, आणि दुसरा कान पप्पांनी धरला होता.

आई पहिल्या घंटेला आली होती. धुतलेली निळी साडी, केसांत अबोली. किती महिन्यांनी पुढच्या बाकावर. उपासनेत ती सगळी गाणी न बघता म्हणत होती आणि मध्येच मला कोपर मारून हसत होती. मी देवाला म्हणत होते, आज एवढं निभावून ने.

चादरीपाशी त्रिफेनामावशी बसल्या होत्या. मिशन हॉस्पिटलमध्ये पस्तीस वर्षं नर्स होत्या. अर्धं कंपाउंड त्यांच्या हातावर जन्मलेलं, मीसुद्धा. पाठ ताठ, चष्मा दोरीला बांधलेला. पहिला डबा आला, शीबाचा. तिच्या मम्मीनं आणि वडिलांनी तो हळूच तिरका केला आणि धान्य चादरीवर उतरायला लागलं.

मी बघतच राहिले. ते एका रंगाचं नव्हतंच. बाजरीचा करडा पट्टा आला, मग तांदूळ, मग पिवळी डाळ, मग गहू, मग पुन्हा बाजरी, मध्येच मटकी. त्रिफेनामावशींनी ढिगात बोटं घातली आणि पुस्तक वाचावं तसं वाचायला लागल्या.

“हे गहूच गहू. गणपतीच्या सुट्टीत पाहुणे होते तुमच्याकडे. नणंद?”

“नणंद आणि तिची चार पोरं,” शीबाची मम्मी म्हणाली.

“आणि इथं हे काय? तांदूळ, मुगाची डाळ, तांदूळ, मुगाची डाळ. आठ दिवस खिचडी?” मावशींनी चष्म्यावरून शीबाच्या वडिलांकडे पाहिलं. “बायको माहेरी गेली होती वाटतं.”

सगळे हसले. शीबाचे वडील कान खाजवत म्हणाले, “नऊ दिवस, सिस्टर.”

मी आमच्या डब्याचं झाकण दाबून धरलं. पुढचा डबा आला. त्यात खालीवर सगळी ज्वारी आणि मध्ये एक बारीक साखरेसारखा पांढरा थर. “वरीचे तांदूळ. कोणाला तरी पथ्य होतं.” पुढचा. त्यात हरभऱ्याची डाळ, नाताळच्या पुरणाची. प्रत्येक डब्यात त्या घराचं वर्ष होतं. कोण आलं, कोण आजारी पडलं, कोणाकडे बारसं झालं. सगळं थरावर थर.

मी पप्पांचा शर्ट ओढला. “पप्पा, आपला राहू दे.”

“का गं?”

“मला भेळ खायचीय.”

“ओतून झालं की खा,” पप्पा म्हणाले आणि आमचा नंबर आला.

डबा तिरका झाला. तांदूळ आला. पांढरा, लांब दाण्याचा, मेसचा. येतच राहिला. लोक आधी गप्पा मारत होते, मग हळूहळू थांबले. पांढरा, पांढरा, पांढरा. एवढा मोठा ढीग, आणि त्यात वाचायला एक अक्षर नाही. मग अगदी शेवटी, डबा उलटा झाला तेव्हा तळाचं आलं आणि त्या पांढऱ्या ढिगाच्या टोकावर जाऊन बसलं. थोडी बाजरी, थोडे गहू, हरभऱ्याची डाळ, कडुनिंबाची पानं. बर्फाच्या डोंगरावर कोणी मूठभर माती टाकावी तसं.

मला कुठं बघावं कळेना. मी डब्याचा कान सोडला नाही. रिकामा डबा माझ्या हातात लटकत होता.

त्रिफेनामावशींनी तांदळात बोटं फिरवली. एकदा इकडे, एकदा तिकडे. मग टोकावरची डाळ चिमटीत घेतली.

“रत्ना,” त्या म्हणाल्या. ताप बघून आकडा सांगावा तशा आवाजात, रागानं नाही. “नाताळापर्यंत तुम्ही जेवत होतात गं. पुढं नुसता स्वयंपाक झालेला दिसतोय.”

चर्चमधून कोंबडी तेवढी ओरडली.

आईनं माझ्याकडे पाहिलं. एकदाच. तिला सगळं कळलं हे मला कळलं. मग ती पदर सारखा करून एक पाऊल पुढं आली.

“मूठ आमच्या घरची आहे, मावशी. विसरले ती मी.”

“आई...” मी म्हणाले, पण तिनं मागं पाहिलं नाही.

पाळकसाहेब पुढं आले. बाकीच्या ढिगांवर ठेवला तसाच आमच्याही ढिगावर त्यांनी हात ठेवला, तेवढीच प्रार्थना केली, ना जास्त ना कमी. मग बायका धान्य निवडायला बसल्या. शीबा भेळ खात खात माझ्यापाशी आली. तिला बिचारीला काहीच माहीत नव्हतं.

“बरं झालं बाई,” ती म्हणाली, “तुमचं निवडायला नको.”

*

घरी येताना पप्पा रिकामा डबा सायकलवर घेऊन पुढं गेले. आई आणि मी मागून. नळापर्यंत आलो तेव्हा मला राहवेना.

“आई, ते मी भरलं. काल. तू पाणी भरत होतीस तेव्हा.”

“माझा तांदूळ मी ओळखते.”

“मग तू का म्हणालीस की तू विसरलीस?”

कोणाच्या तरी रेडिओवर क्रिकेट लागलं होतं.

“मी तुला काम दिलं होतं, स्तुते,” ती म्हणाली. “आणि काम तू विसरलीस. त्याचा मार खाशील तू संध्याकाळी.” थोडं चालून म्हणाली, “पण बाकीचं माझं होतं.”

मार मला मिळाला नाही. वाट बघून बघून मीच आईजवळ जाऊन बसले, तर तिनं मला लसूण सोलायला दिला.

*

सोमवारी सकाळी मला आईनं नाही, पप्पांनी उठवलं. “चल, आई बोलावतेय.”

बाहेर नुकतं फटफटलं होतं. स्वयंपाकघरात सव्वीस डबे ओळीनं उघडे मांडलेले, कणीक मळलेली, भाजी चिरलेली. आणि गॅस बंद. आई ओट्यापाशी उभी, केस ओले. पुढ्यात मुठीचा डबा, झाकण उघडं.

“सिलिंडर संपला का?” पप्पांनी विचारलं.

“नाही.”

“मग? डबे न्यायला याकोबची रिक्षा येईल साडेनऊला.”

“येऊ दे,” आई म्हणाली. माझ्याकडे वळली. “आज कोणाची?”

मी विचार करायला लागले. काय सांगू, एक नाव आठवेना. पूर्वी आमच्या घरात नावांची रांग असायची, एकाच्या मागं एक. आता आम्ही तिघं उभे होतो आणि तिघांनाही आठवेना. माझी नजर फळीवर गेली. तिथं डब्यांची झाकणं होती. रूम तीन. रूम नऊ. रूम अकरा.

“रूम चौदा,” मी म्हणाले.

“रूम चौदा काय?”

“रूम चौदाचा डबा भरलेलाच परत येतोय. गुरुवारपासून. मी धुते ना. भात तसाच, भाजी तशीच. मी गाईला घालते.”

“आणि मला सांगितलं नाहीस?”

“शनिवारी सांगत होते. तू म्हणालीस, कांदा चिरता चिरता बोल.”

पप्पांनी खिडकीतून बाहेर बघितलं. आई डब्याच्या काठाला हात लावून उभी राहिली.

“नाव काय तिचं?” तिनं हळूच विचारलं.

मला माहीत नव्हतं. पप्पांना कुठून माहीत असणार? आई दहा महिने तिच्यासाठी भात शिजवत होती. मीठ कमी लागतं तिला, हे आईला माहीत होतं. नाव माहीत नव्हतं.

“नाव नाही तर मूठ कशी टाकायची?” आई म्हणाली. आम्हाला नाही, स्वतःलाच. मग तिनं पदरानं हात पुसले आणि पायांत चपला सरकवल्या. “स्तुते, चल.”

“अगं रत्ना, सव्वीस डबे आहेत,” पप्पा म्हणाले.

“उशीर होईल म्हणून सांगा.”

“काय कारण सांगू?”

“सांगा, गॅस पेटवलेला नाही.”

कालव्यावरून होस्टेल दहा मिनिटांवर. मी फ्रॉकवरच, केस विंचरलेले नाहीत, आई पुढं भराभर. गेटवरच्या बाईनं वर निरोप पाठवला. थोड्या वेळानं जिन्यावरून एक मुलगी उतरली, एक एक पायरी कठड्याला धरून. काळीसावळी, माझ्याहून फार तर वीतभर उंच, अंगावर शाल.

“तू रूम चौदा ना?” आईनं विचारलं.

“हो. तुम्ही मेसच्या काकू?” ती घाबरली. “काकू, भाजीला नावं नाही ठेवली मी. जेवणच जात नाही. डबा परत पाठवला तर चालत नाही का?”

“नाव काय पोरी तुझं?”

“रमिला. रमिला वळवी.”

“गाव?”

“धडगावच्या पुढं. नंदुरबारकडे.”

आईनं तिच्या कपाळावर हात ठेवला आणि लगेच तिचं मनगट धरलं. “अगं, भट्टी झालीय तुझी. वॉर्डनबाईंना सांगितलं का?”

“नाही सांगितलं. सांगितलं तर घरी पाठवतील. एकदा घरी गेले की मग परत नाही पाठवणार मला.” आणि ती जिन्याच्या पायरीवर खाली बसली. “नका ना सांगू, काकू.”

आई तिच्या शेजारी बसली. पायरीवर, धुळीत. सव्वीस डबे घरी उघडे पडलेले आणि माझी आई मांडी घालून बसली होती, जणू तिला जगात दुसरं कामच नाही.

“घरी नाही पाठवणार,” ती म्हणाली. “मी बोलते वॉर्डनबाईंशी. आमच्या त्रिफेनामावशींना आणते तुला बघायला. त्यांनी तपासून हो म्हटलं की मग जेवायचं. खिचडी चालेल?”

रमिलानं मान हलवली. आणि मग रडायला लागली, तापात रडतात तसं, आवाज न करता.

घरी परत आलो तेव्हा आठ वाजून गेले होते. पप्पांनी सुट्टी टाकली होती आणि गॅसकडे बघत बसले होते, पेटवायची हिंमत केली नव्हती. आईनं हात धुतले. मुगाच्या डाळीची बरणी काढली. मूठ भरली, त्यावर दुसरा हात ठेवला, आणि मग माझा हात ओढून त्यावर ठेवला.

“रमिलाची,” ती म्हणाली आणि बराच वेळ थांबली. मी एक डोळा उघडून बघितलं. तिचे ओठ हलत होते.

मूठ सोडली. रिकाम्या पत्र्यावर पहिली मूठ किती मोठ्यानं वाजते ते ज्यानं ऐकलंय त्यालाच माहीत.

त्या दिवशी डबे दीड तास उशिरा गेले. पाचसहा मुली चिडल्या, दोघींनी मेस सोडली. आईनं त्या आठवड्यात सगळ्या झाकणांवरचे नंबर घासून काढले आणि नावं घातली. आम्हाला पाठ करावी लागली.

*

त्रिफेनामावशी आता पुण्याला भाचीकडे असतात. शीबाचे वडील बदली होऊन गेले. हंगामाच्या सणाला हल्ली बरेच जण दुकानातून आणलेली एक एक किलोची पाकिटं ठेवतात, सोयीचं पडतं. आमचा डबा अजून जातो. दहावीचं वर्ष म्हणून आईनं मला बाकी सगळ्यातून सोडवलंय, मुठीतून नाही.

पण मला आठवतो तो त्याच्या पुढच्या वर्षीचा रविवार. तीच चिंच, त्याच चादरी. मी भेळेकडे बघितलंसुद्धा नाही. पप्पांनी डब्याला हात लावला नव्हता. दुसरा कान रमिलानं धरला होता. तिला फक्त बघायचं होतं, पण आई म्हणाली, नुसतं बघून काय होतंय, धर.

डबा उलटा झाला. बाजरी आली, गहू आले, तांदूळ, मटकी, परत बाजरी. तळाचं शेवटी आलं आणि ढिगाच्या टोकावर बसलं, पिवळंधमक.

त्रिफेनामावशी पुढं वाकल्या. “एवढी मुगाची डाळ? बारा-पंधरा दिवस तरी. कोण गं एवढं आजारी होतं घरात?”

“रमिला,” आई म्हणाली.

मावशींना माहीत नव्हतं का? त्यांनीच तर औषध दिलं होतं. पण त्यांनी तसं काही दाखवलं नाही. चष्मा वर करून त्यांनी त्या मुलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग आईकडे. आणि पुन्हा ढिगात बोटं घातली, टोकापासून खालपर्यंत, सावकाश, एकही थर न चुकवता.

“जेवताय,” त्या म्हणाल्या, आणि पुढचा डबा घेतला.